घशातली खरखर

"ही माझी आई नाही." गायिकेच्या म्हाताऱ्या लेकीने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"अहो आजी, आवाज त्यांचाच आहे. फक्त खरखर काढलीय," ध्वनिसंग्रहालयाचे संचालक गोड हसले. "कसा लखलखीत झालाय बघा!"

"लखलखीत? घसा खरवडून गायची ती."

यंत्रापाशी तंत्रज्ञ बाई बसल्या होत्या. ध्वनीचे मोजमाप करण्यात त्यांची हयात गेली होती. लेकीची आठवण हा त्यांच्या लेखी पुरावा नव्हता. त्यांनी त्या ब्लूज गाण्याची मूळ तबकडी यंत्रावर ठेवली. तिची दुसरी प्रत कुठे असल्याचे कुणाला ठाऊक नव्हते, आणि साफ केलेली नक्कल मंजूर होताच ही मूळ तबकडी भंगारात जाणार होती. जागेची अडचण! साथीच्या ट्रम्पेटवाल्याच्या तबकड्यांना मात्र काचेचे कपाट होते. सूचीत हे गाणेही त्याच्याच नावावर होते. गाणारीच्या वाट्याला ‘स्त्री आवाज’ एवढेच दोन शब्द.

बाईंनी सुई टेकवली. दोन ओळी झाल्यावर त्या म्हणाल्या, "साहेब, गाणारी श्वास घ्यायला थांबली, म्हणून तबकडीची खरखर थांबत नाही. ही थांबते."

सफाईच्या यंत्रणेने तिचा घसाच केर समजून झाडून टाकला होता.

"असेल," संचालक म्हणाले. "पण लोक येतात ते ट्रम्पेटसाठी."

"तेही घोगरंच वाजतंय की. ते नाही झाडलंत?"

"ती त्याची शैली आहे, ताई."

"आणि हिचा बिघाड!" बाईंचा आवाज चढला.

"उगाच डोक्यात राख घालून घेऊ नका."

"घातली! ही तबकडी भंगारात जाणार नाही. आणि संग्रहात नक्कल जाईल ती न झाडलेली, हिच्या नावानिशी."

"सूची बदलत नसते. तबकडीचं बघू," म्हणत संचालक निघून गेले.

या कचेरीतल्या ‘बघू’चा अर्थ बाईंना पुरता ठाऊक होता. त्यांनी दार लावले, सफाई बंद केली आणि गाणे पहिल्यापासून नव्याने मुद्रित करायला घेतले. म्हातारी डोळे मिटून ऐकत राहिली. गाणे संपले तरी बाईंनी मुद्रण थांबवले नाही. त्यांनी मायक्रोफोन तिच्यापुढे सरकवला.

"सूचीतलं नाव माझ्या हातात नाही, आजी. हे आहे. सांगा."

म्हातारी खुर्चीचा हात धरून उठली. कोटाचे वरचे बटण लावले आणि शाळेत हजेरी द्यावी तसे आईचे संपूर्ण नाव तिने स्पष्ट उच्चारले.