खालून वाचलेला आकडा

सत्तरीच्या माणसाने फलाटावर शिडी मागत फिरू नये. एवढी अक्कल आमच्या ह्यांना असायला हवी होती. पण सकाळी आठला फलाटावरच्या पाणी-बिस्किटवाल्या लोकेशचा फोन आला. "अम्मा, बाबूजी को ले जाओ. बोर्ड पर चढ़ने के लिए सबसे सीढ़ी माँग रहे हैं. सिपाही अभी तक तो प्यार से बोल रहा है." मी गॅस बंद केला, पदर खोचला आणि पुरानी बस्तीतून रिक्षा केली. रस्ताभर मी ह्यांना काय काय म्हणाले ते त्या रिक्षावाल्याला विचारा.

सात महिने झाले, हेच चाललं आहे. रोज सकाळी फलाट तिकीट काढायचं, आमच्या यशदीपचं घड्याळ मनगटावर बांधायचं आणि स्टेशनच्या पिवळ्या बोर्डाखाली जाऊन उभं राहायचं. बोर्डावर गावाच्या नावाखाली समुद्रापासूनची उंची लिहिलेली असते. घड्याळही उंची सांगतं. दोन्ही आकडे ताडून बघायचे. आज घड्याळात चार जास्त, उद्या नऊ कमी. घरी येऊन मला सांगायचं, "पाह्य कांता, हे घड्याळच लबाड आहे."

मी म्हणायची, "हव."

भांडायला मला कारण लागत नाही हे सगळ्या पाऱ्याला, आमच्या अख्ख्या मोहल्ल्याला, माहीत आहे. पण ह्या एका गोष्टीवर मी तोंड उघडलं नव्हतं.

यशदीप आमचा एकुलता. भनपुरीला कारखान्यात नोकरी, आणि सुट्टी मिळाली की धावायचं नाहीतर डोंगर चढायचा. दोन वर्षांपूर्वी असाच डोंगरावर गेला आणि छातीत पाणी झालं. कसाबसा वाचला. समता कॉलोनीतल्या डॉक्टरने बजावलं, साडेतीन हजार मीटरच्या वर पाऊल टाकायचं नाही. म्हणून तर हे घड्याळ घेतलं. ऑक्टोबरात तो पुन्हा उत्तरेकडे गेला. सोबत मित्र होता, धर्मपाल. त्याचा पाय मुरगळला, तो तंबूत राहिला. यश त्याला म्हणाला, "घड्याळात अजून जागा आहे, थोडा वर जाऊन येतो." एकटाच गेला. दुपारी परत आला. रात्री श्वास कोंडला. खाली आणेपर्यंत संपला.

तेव्हापासून ह्यांचं एकच. घड्याळाने उंची कमी दाखवली, घड्याळाने पोराला फसवलं. मी म्हटलं, म्हणू दे. घड्याळावर राग काढलेला बरा, घड्याळाला आई नसते.

पण काल धर्मपाल घरी आला. जयभीम झाला, चहा झाला. ह्यांचं खूळ त्याला बघवलं नाही. म्हणाला, "बाबा, हवा बदलली का आकडा थोडा हलतेच. म्हणून निघताना खरी उंची त्याच्यात भरून घ्या लागते. यशनं भरली होती ना. इथंच, तुमच्या बोर्डाखाली उभं राहून." बिचाऱ्याने चांगलं म्हणून सांगितलं.

हे कप तसाच हातात धरून बसले. चहावर साय धरली. मग म्हणाले, "आन् बोर्डच चुकला असन तं?"

ह्यांची उभी नोकरी रेल्वेत बोर्ड रंगवण्यात गेली. ह्या स्टेशनचा जुना बोर्ड ह्यांनी रंगवला तेव्हा माझं नवं लग्न होतं. मी डबा घेऊन जायची. हे शिडीवर, आणि खाली मी, साहेबाचा कागद धरून. शाळा माझी दुसरीपर्यंत, पण आकड्यांत मला कोणी हरवावं! मी खालून एकेक वाचायची, हे वरून तोच म्हणत काढायचे. "तीन." "तीन." "एक." "एक." येणारेजाणारे हसायचे. पुढे बोर्ड किती बदलले, पण आकडा जुन्यावरूनच उतरला, असं ह्यांनी डोक्यात घेतलं. आपण चुकलो, आपल्यावरून सगळे चुकले, आणि त्याच चुकीवर पोराने घड्याळ लावलं. रात्रभर झोपले नाहीत.

मी पोचले तेव्हा हे बोर्डाचा खांब धरून उभे होते. ऊन आत्ताच चटके देत होतं.

"काहून तमाशा करून राहिले जी? भाजी कच्चीच ठेवून आली मी."

"मले एकदा वर जाऊन जवळून पाहू दे, कांता. चाराच्या जागी एक काढला असन मी, नाहीतं एकाच्या जागी चार."

"आन् मोठमोठे साहेब आंधळे होते का?"

"साहेब कधी शिडी चढते का?"

"आकडा मी वाचला होता. माह्या वाचण्यात खोट काढता?"

"तुह्या नाही." त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला. "ह्याच्यात." दोरी न लावता सरळ रेघ ओढणारा हात होता तो.

मी पिशवीतून फोन काढला, एक फोटो उघडला आणि त्यांच्यापुढे केला.

"चष्मा लावा. वाचा."

फोटोत नुसतं मनगट होतं, यशचं. मनगटावर हेच घड्याळ, शेजारी एक छोटा पिवळा बोर्ड, मागे बर्फ.

"बोर्डावर काय आहे? एकेक आकडा वाचा."

"तीन," ते म्हणाले. "नऊ. शून्य. शून्य."

"आन् घड्याळात?"

"तीन. आठ. नऊ. आठ." ते थांबले. पुन्हा वाचलं, ओठांतल्या ओठांत. "दोनचाच फरक आहे."

"हव."

"म्हणजे साडेतीन हजाराच्या वर आलो हे त्याले मालूम होतं."

"हव."

लोकेश पाण्याची बाटली घेऊन आला होता. तो तसाच मागे सरकला.

"तुह्याजवळ हा कुठून आला?"

"त्यानंच धाडला. त्याच दिवशी, वरून. तुम्हाले धाडला असता तं तुम्ही ओरडले असते. आईले काय समजते, असं वाटलं असन पोट्ट्याले." मी फोन परत घेतला, काच पदराने पुसली. "मले समजलं होतं. पाह्यल्यापाह्यल्या समजलं. 'आत्ताच्या आत्ता खाली ये' म्हणा लागत होतं. मी फोनात बोलून धाडलं, 'कानाले टोपी बांध.' माहं पोरगं एवढ्या उंच गेलं, मले मोठं वाटून राहिलं होतं जी."

गाडी आली, माणसं उतरली, आमच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली. गाडी सुटल्यावर त्यांनी मनगटावरून घड्याळ काढलं आणि कुठे ठेवावं ते न कळून तसंच तळहातावर धरलं. मी घेतलं, पिशवीत टाकलं. मग तो उजवा हात धरला.

"आता ऐका," मी म्हटलं. "बोर्ड बरोबर होता. घड्याळ बरोबर होतं. चुकलं तं आपलं पोट्टं चुकलं, आन् मी चुकली. ह्या हातावर पुन्हा शक घेतला तं मी तुमच्याशी बोलणार नाही."