हलगीवर आलेली मगर

मगरीचं काय विचारतासा, पावणं? मगर चांगली हुती, माणसं नासकी निघाली. बसा हितं. मी बायडाबाई, म्हशीवाली. नाकाला रुमाल लावा आदी, त्या घाटाचा वास अजून गेला न्हाय.

पंचगंगेच्या आमच्या वळणाला ती मगर मी नांदाय आल्यापास्नं बघते. पल्याडच्या मळईवर ऊन खात पडलेली असायची. मी अल्याड म्हशी धुवायची. माणसाची चाहूल लागली की ती सरळ पाण्यात. मासं खावं, कवा वाहून आलेलं मेलेलं कुत्रं खावं, आन् गप पडावं. कुणाच्या वाटंला गेली न्हाय. बारक्या पोरास्नीबी ठावं हुतं, ती पडलीया तिकडं जायाचं न्हाय. विषय संपला.

मग माझ्या दिरानं, अमरसिंहानं, चिकनचं दुकान टाकलं. दुकान शाहूपुरीत आन् घाण आमच्या घाटावर! आतडी, पिसं, मुंडकी, पोती भरून आणायचा आन् धुण्याच्या दगडापाशी वतायचा. पाण्यावर चरबीचा तवंग, दगडाला चिकटलेली पिसं, वर माश्यांचा घोंगाट. एकदा लुगडं पिळाय घेतलं, तर घडीतनं कोंबडीचा पाय निघाला. शी! आठवलं तरी जेवण वर येतंय.

त्या वासानं मगर अल्याड आली. येणारच की, आयतं कोण सोडतंय? गाव भ्यालं. अशा वक्ताला शहाण्यानं घाण बंद करावी का न्हाय? आमचा अमरसिंह म्हणला, "गंगेचं वाहन हाय ते. दर शुक्रवारी निवद देऊ, म्हंजे माणसाला धरणार न्हाय." झालं! गावाला पटलं. नारळ आला, हळद-कुंकू आलं, हलगी आली. हलगी वाजली की ह्यो पोतं पाण्यात रिकामं करायचा, आन् मगर जबडा वासून पार दगडापतोर यायची. गडमुडशिंगीपास्नं लोक बघाय यायची, मोबाईल धरून. तिच्या दातात आतडं लोंबतंय, आन् बाया हात जोडून म्हणत्यात, "पावली गं आई." मला मगरीची न्हाय, त्यांचीच किळस यायची. मी वरडले, भांडले. "वैनी, तुमचं आपलं कायतरीच," म्हणून समदी हसली.

आषाढ आला. नदीला नवं पाणी आलं की शुक्रवारी कुवारणींनी घागरी भरायच्या आन् वाजतगाजत नेऊन टेंबलाई देवीच्या पायऱ्यांवर वतायच्या, ही आमची रीत. औंदा त्यात माझ्या लेकीची, स्वप्नालीची घागर हुती. लई गुणाची पोरगी. गावातली कुठलीबी नवरी असू दे, मेंदी हिच्याच हातची पायजे. आन् पाणी भरायचं कुठं, तर त्याच दगडावर!

मी दिराला बजावलं, "भावजी, त्या शुक्रवारी एक पीस जरी पाण्यात पडलं तर तुमची खैर न्हाय."

"देवीची आण, वैनी. काय टाकणार न्हाय."

आन् खरंच त्यानं काय टाकलं न्हाय. शब्द पाळला भाड्यानं.

पर हलगी वाजलीच की! देवीचं पाणी काय मुक्यानं भरायचं? समद्या गावात एकाच्याबी डोक्यात आलं न्हाय. मगरीला देवीचा शुक्रवार आन् निवदाचा शुक्रवार कसा कळावा? हलगी वाजली, ती जेवायला आली. स्वप्नाली घागर बुडवाय वाकली, आन् मगरीनं घागरीसकट तिचं मनगट धरलं. आमच्या मालकांनी उडी टाकली, दुसरीची तांब्याची घागर हिसकून मगरीच्या नाकाडावर हाणली, हाणतच ऱ्हायले, तवा ती सुटली. पोरगी वाचली. हात न्हाय वाचला. उजवा.

आन् गाव काय म्हणलं? "मगर माणूसखाऊ हाय, मारा तिला." थू तुमच्या तोंडावर! काल हात जोडत हुता की! वनखात्याची माणसं आली, जबडा बांधून तिला घिऊन गेली. गाडी निघाली तवा ह्याच लोकांनी शिट्ट्या मारल्या.

मग एक दिवस अमरसिंह दवाखान्यात आला. तोंड पाडून, हातात डबा घिऊन.

"पोरीला ताकद याय पायजे, वैनी. गावठी कोंबडीचा रस्सा हाय. दुकानातला न्हवं."

त्यानं झाकण काढलं, आन् वास खोलीभर पसरला. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

स्वप्नाली उशीला टेकून बसलेली. तिनं रश्श्याकडं बघितलं, मग आपल्या पट्टी बांधलेल्या थोट्या हाताकडं. रडली न्हाय. नुसतं विचारलं,

"काका, निवद आणलासा, मग हलगी कुठं हाय?"