मामाचा वाटा

ब्रह्मदेशच्या लढाईवरून लिंगराज खजुरीला परतला, पण त्याचं बूड घरात टिकेना. जेवता जेवता उठायचा, बांधावर जायचा, तिथून उगाच आळंदच्या रस्त्यानं चालत सुटायचा. लष्करात तो लॉरी चालवायचा. लग्न केलं नव्हतं.

चितगावच्या लष्करी इस्पितळात हिवतापानं पडला असताना शेजारच्या खाटेवर क्वाबेना नावाचा शिपाई होता. आफ्रिकेच्या पश्चिमेकडचा, दाट जंगलातल्या गावचा. मोडक्या हिंदुस्थानीत तो गावाविषयीच बोलत राही. आज्याच्या काळी तिथली माणसं कोलाच्या कडू बिया डोक्यावर घेऊन महिना महिना उत्तरेला चालत जायची. आता उंच झाडांच्या सावलीत कोकोच्या बागा होत्या. बाजार बायकांच्या हाती.

"मग तुझी बाग पुढं तुझ्या पोराला?" लिंगराजनं विचारलं होतं.

"न्हाई. बहिणीच्या पोरांना. आमच्यात रक्त आईचं धरतात."

तेव्हा लिंगराज हसला होता. घरी आल्यावर मात्र ते बोलणं त्याला सोडेना. थोरली बहीण चन्नव्वा नवरा गेल्यावर लेक शिवम्माला घेऊन माहेरी आली होती. नऊ वर्षं नांगरटीपासून मळणीपर्यंत तीच राबत होती, आणि वाटण्या मात्र लिंगराज आणि गुंडप्पा या दोन भावांतच व्हायच्या होत्या.

एका सकाळी तो म्हणाला, "माझ्या वाट्याचे सहा एकर अक्काच्या नावे करायलोय. पुढं शिवम्माला."

गुंडप्पा ताडकन उठला. "बहिणीला लुगडं-चोळी देत्यात. शेत कोण देतंय? कुठल्या मुलखाची रीत ही?"

"हाय एक मुलूख."

चन्नव्वा खूश होईल असं त्याला वाटलं होतं. ती चुलीपुढून उठलीच नाही. "शेत माझ्या गळ्यात घालून तू पळून जायलास, व्हय रे तम्मा?"

ते खरंच होतं.

तरी त्यानं आळंदला निजामाच्या कचेरीत जाऊन उर्दू कागदावर सही केली आणि सोलापूरला लॉरीवर लागला. गुंडप्पानं बहिणीशी बोलणं टाकलं.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात सरहद्दीवर रझाकारांच्या धाडी पडू लागल्या आणि निम्मं गाव सोलापूरकडे पळालं. चन्नव्वा, शिवम्मा, गुंडप्पाचं बिऱ्हाड, सगळी लिंगराजच्या एका खोलीत दाटीनं राहिली. अबोला तिथंही सुटला नाही. निजामाच्या फौजेनं शस्त्रं ठेवल्याचं कळलं त्याच दिवशी चन्नव्वानं गाठोडं बांधलं.

"रस्ता कसा असंल कुणास ठावं," लिंगराज म्हणाला.

"जोंधळ्याची पेर निघून चाललीय," ती म्हणाली.

तो लॉरी घेऊन सगळ्यांना सोडायला गेला. घराचं दार मोडलेलं होतं, बी-बियाणं गेलेलं. चन्नव्वानं शेजारगावाहून पायलीभर जोंधळा आणि उसनी बैलजोडी आणली. दुसऱ्या दिवशी ती रानात उभी होती तेव्हा गुंडप्पा तिफण खांद्यावर घेऊन आला. मान खाली घालून म्हणाला, "कुठनं धरायची, अक्का?"

"वरच्या बांधापासनं."

चन्नव्वानं ओटीत बी घेतलं. लिंगराज संध्याकाळपर्यंत बैलांमागं चालला. चार दिवस त्याला शांत झोप लागली. पाचव्या दिवशी तो पुन्हा सोलापूरला निघाला. चन्नव्वानं भाकरी बांधून दिली, पण या वेळी 'पळून जायलास' असं ती म्हणाली नाही.