वोल्वेसाठी गाणारी

दूर उत्तरेच्या बर्फाळ किनाऱ्यावरच्या क्राकुविक गावात, वरच्या गल्लीत, पत्र्याचं एक लाल घर आहे आणि त्या घराच्या मधोमध, तळघरापासून छपरापर्यंत, एक लाकडी भिंत आहे. दोन बहिणींच्या वाटणीत ती घातली गेली. आता त्या बहिणींच्या मुली तिच्या दोन बाजूंना राहत होत्या. डावीकडे इंगून, एकोणचाळीस वर्षांची, एकटी, गावच्या तरणतलावावर काचेच्या खोलीत बसून पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवणारी. उजवीकडे तिची मावसबहीण रान्नवेग, सहा वर्षांनी लहान, संसार मोडून गेल्या सप्टेंबरात राजधानीहून परत आलेली. भिंत इतकी पातळ होती, की एकीने कॉफीची किटली शेगडीवर ठेवली की दुसरीलाही आपली वेळ झाल्यासारखं वाटायचं.

इंगून अकरा वर्षं एकाच बाईची चित्रं काढत होती. ती बाई म्हणजे वोल्वा, जुन्या काळी हिवाळ्यात घरोघर फिरून पुढचं सांगणारी. अंगावर निळा झगा, डोक्याला काळ्या कोकराच्या कातड्याचं टोपडं, हातात पितळी मुठीची काठी. जगात हजारो लोक तिची चित्रं काढून इंटरनेटवर टाकतात. कुणी तिला तलवार देतं, कुणी तिचे खांदे उघडे ठेवतं, कुणी तिच्या डोळ्यांतून हिरवा जाळ काढतं. इंगूनला तसलं काही चालत नसे. तिची वोल्वा म्हातारी होती, दिवसभर बर्फातून चालून दमलेली, आणि तिचा चेहरा कायम टोपड्याच्या सावलीत असे. त्या चित्रांना दीडशे-पावणेदोनशे माणसं नेमाने दाद द्यायची. इंगूनला ती पुरत होती. रान्नवेग परत येईपर्यंत तरी पुरत होती.

काढताना ती गुणगुणायची. वोल्वेला आपणहून काही दिसत नाही, हे त्या किनाऱ्यावर शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. ती उंच आसनावर बसते आणि दुसऱ्या कुणी बाईने तिच्याजवळ उभं राहून गावं लागतं. ते गाणं ऐकून डोळ्यांना न दिसणारे, ज्यांना यायचं ते, येतात आणि वोल्वेच्या कानाशी लागतात. क्राकुविकमध्ये सूत कातताना म्हणायचं एक गाणं होतं, ते त्याच गाण्याचं उरलेलं रूप आहे असं जुन्या बायका म्हणत. इंगूनला ते आईने शिकवलं. सहा कडवी, आणि सहावं म्हटल्याशिवाय चाती खाली ठेवायची नाही असा आईचा दंडक होता. बोलावलेल्यांना दारापर्यंत सोडायला नको का, एवढंच ती म्हणे. रान्नवेगला सूर कधी लागलाच नाही, म्हणून तिला कुणी शिकवलं नाही.

चित्र काढायला मात्र रान्नवेग शिकली, आणि तेही इंगूनकडूनच. परत आल्यावर पहिले दोन महिने ती पडदे ओढून पडून असायची. तेव्हा इंगूनने स्वतःचा जुना टॅबलेट तिला नेऊन दिला, रंग कसे एकावर एक चढवायचे ते दाखवलं, आणि काढायला काही सुचत नसेल तर माझीच बाई काढ, असं म्हणाली. नोव्हेंबरात रान्नवेगने पहिली वोल्वा काढली. टोपडं मागे सरलेलं, चेहरा पूर्ण उजेडात. नाताळापर्यंत तिची चित्रं बघणारे चाळीस हजार झाले होते.

इंगूनने तिचं मनापासून कौतुक केलं, निदान तसं करायचं तिने ठरवलं होतं. पण कामावर, काचेच्या खोलीत, ती दर थोड्या वेळाने फोन उघडून तो आकडा बघायची, आणि तो वाढलेला दिसला की आपला घास कुणी उचलून नेल्यासारखं तिला वाटायचं.

मग फेब्रुवारीत गावच्या संग्रहालयाने जाहीर केलं, की वोल्वेसाठी एक नवीन दालन होतंय, त्यातल्या मोठ्या भिंतीवर गावातल्याच कुणाचं तरी एक चित्र कायमचं लावलं जाईल, आणि दालन उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी उघडेल. हा दिवस तिथे एप्रिलमधल्या एका गुरुवारी येतो, बाहेर कितीही बर्फ असो. इंगूनला ती भिंत हवी होती. तिने आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं, आणि ही भिंत जणू तिच्याच मापाची होती.

तरणतलावावरच्या गरम पाण्याच्या कुंडात गावाचे सगळे निकाल आधी लागतात. संग्रहालय चालवणारा थोरगिल्स, निवृत्त कप्तान, रोज सकाळी तिथे गळ्यापर्यंत पाण्यात बसलेला असे, आणि त्याच्या शेजारी वायरमन बेर्गूर. इंगून पाण्याचं तापमान बघायला गेली तेव्हा थोरगिल्सने सांगितलं, की शेवटी दोघींच्याच चित्रांचा विचार होईल, तुझ्या आणि तुझ्या बहिणीच्या. दोघीही चांगलं काढता, असंही म्हणाला, पण ते पाण्याकडे बघत.

"तुझी म्हातारी बघितली ना इंगून," बेर्गूर म्हणाला, "की वाटतं, आता ही ओरडणार, आधी बूट काढ बाहेर."

"आणि रान्नवेगची?"

"तिने बोलावलं तर मी बुटांसकट जाईन."

थोरगिल्स हसला नाही, पण त्याने बेर्गूरला गप्पही केलं नाही. इंगूनने तापमान वहीत लिहिलं, आणि खोलीत परतल्यावर तिच्या लक्षात आलं की आकडा चुकीचा लिहिलाय.

त्या रविवारी ती रान्नवेगकडे कॉफीला गेली. दाराशी बूट काढले, मोज्यांनी आत गेली. टेबलावर भाकरी आणि धुरी दिलेलं मटण होतं, शेजारी टॅबलेट. इंगूनने सहज विचारल्यासारखं विचारलं, की हे चेहरे तू कुठून आणतेस.

रान्नवेगने टॅबलेट पालथा ठेवला. "हसशील तू."

"नाही हसणार."

"तू गुणगुणायला लागलीस ना, की मी भिंतीजवळ जाऊन बसते. पहिल्या कडव्याला काहीच नसतं. दुसऱ्या-तिसऱ्याला ती येऊन बसते समोर. मग मी फक्त उतरवून घेते. खरं सांगू का ताई, तू गात नसतेस तेव्हा मला साधं मांजरसुद्धा काढता येत नाही."

ती हे कृतज्ञतेने सांगत होती. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. इंगून म्हणाली, किती छान, आणि भाकरीचा तुकडा तोंडात तसाच धरून बसली. अकरा वर्षं आपण गात आलो आणि आपल्या समोर सावलीतल्या टोपड्याखेरीज कुणी बसलं नाही. ही आली, भिंतीला पाठ लावून बसली, आणि तिला चेहरा दिसला. म्हणजे आपण तिच्या आसनाजवळ उभं राहून गाणारी बाई. त्या बाईचं नाव कुठल्याच गोष्टीत कुणी लक्षात ठेवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुट्टी होती. इंगून खिडकीशी काढायला बसली आणि सवयीने गाऊ लागली. तिसरं कडवं संपता संपता पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, भिंतीच्या दिशेने. इंगूनने चौथं कडवं म्हटलं, पाचव्याच्या मध्यावर आली आणि थांबली. मुद्दाम थांबली. इंगूनने तोंड मिटून घेतलं आणि उरलेली दुपार ती तशीच बसून राहिली. आईचा दंडक तिला आठवला नाही असं नाही. पण सहावं कडवं म्हणायचं तर आधी पाचवं पुरं करायला हवं होतं, आणि तेवढंही तिला रान्नवेगला द्यायचं नव्हतं.

मग तिने गाणं सोडलं. नुसती गुणगुणसुद्धा नाही. भांडी घासताना दात आवळून ठेवायची. रान्नवेगच्या पानावर आठवडाभर नवीन काही आलं नाही, मग दहा दिवस, मग लोक विचारू लागले की सगळं ठीक आहे ना. ते वाचताना इंगूनला जी ऊब वाटायची ती कुंडातल्या पाण्याचीही नव्हती. तिचं स्वतःचंही काही काढून होत नव्हतं. न गाता हात नुसता पुढेमागे फिरायचा. पण संग्रहालयाकडे तिचं चित्र आधीच पोचलेलं होतं, आणि रान्नवेगला आपलं अजून पुरं करायचं होतं. वाट बघणं एवढंच काम उरलं होतं, आणि ते इंगूनला चांगलं जमत असे.

मार्चच्या तिसऱ्या बुधवारी रान्नवेगचं नवीन चित्र आलं. आधीच्या सगळ्यांपेक्षा चांगलं. इंगून कामावरून निघाली ती बूटसुद्धा न काढता तिच्या दारात उभी राहिली.

"कधी काढलंस हे?"

"काल. काल तू जेवणानंतर बसलीस ना, तेव्हा." रान्नवेग हसत होती. "किती दिवसांनी गायलीस. मी म्हटलं, रागावली होती की काय ही."

इंगून काल सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत तलावावर होती. मंगळवारी शाळेचा पोहण्याचा वर्ग असतो, जागेवरून हलता येत नाही. तिने हे रान्नवेगला सांगितलं नाही. पोरगी खोटं बोलतेय, आपल्याला डिवचतेय, असं तिने ठरवलं, आणि घरी येऊन भिंतीला लागून असलेल्या खोल्या तपासल्या. रेडिओ बंद होता. खिडक्या लावलेल्या होत्या. खिडकीजवळची तिची खुर्ची जरा भिंतीकडे वळलेली वाटली, पण ती आपणच तशी ठेवली नव्हती असं तिला शपथेवर सांगता आलं नसतं.

पुढच्या मंगळवारी निघताना तिने घराला कुलूप लावलं, क्राकुविकमध्ये कुणी लावत नाही ते. संध्याकाळी रान्नवेगने कुंपणाजवळ गाठून सांगितलं, की आज तर कमाल केलीस, तुझा आवाज इतका मोकळा मी कधी ऐकला नव्हता, चौथ्या कडव्यात तू नेहमी अडखळतेस तिथेही अडखळली नाहीस. इंगून म्हणाली, हो का. त्या रात्री तिला झोप लागली नाही, आणि ज्याने झोप उडवली ती भीती नव्हती. चौथ्या कडव्यात ती अडखळते हे आजवर तिला कुणी सांगितलं नव्हतं.

रान्नवेगचं चित्र निवडलं गेलं. थोरगिल्स स्वतः येऊन सांगून गेला. कॉफी घेतली, इंगूनच्या चित्रात फार अभ्यास आहे असं दोनदा म्हणाला, आणि जाताना तिचा हात जरा जास्तच वेळ हातात धरला. उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी, बाहेर गारांचा मारा चालू असताना, सगळं गाव बूट बाहेर काढून मोज्यांवर त्या दालनात उभं होतं. भिंतीवर वोल्वा बसली होती, टोपडं मागे, डोळे अर्धवट मिटलेले. आणि तिच्या आसनाच्या पायथ्याशी, रान्नवेगने आजवर कधी न काढलेली ती दुसरी बाई उभी होती, तोंड उघडं, गाणारी.

"अगं, तुझ्या बहिणीने तुलाच काढलंय की," बेर्गूर म्हणाला.

सगळ्यांनी वळून इंगूनकडे पाहिलं, मग चित्राकडे, मग पुन्हा इंगूनकडे. नाक तेच होतं, कपाळ तेच. पण त्या बाईची मान ताठ होती, आणि आजवर जिला कुणी नको म्हटलेलं नाही अशा बाईचा तो चेहरा होता. इंगून इतका वेळ रान्नवेगच्या वोल्वेवर जळत आली होती. आता तिची नजर वोल्वेकडे गेलीच नाही.

रविवारी दुपारी ती रान्नवेगकडे गेली. काय मागायचं ते तिने मनात घोळवून पक्कं केलं होतं. गाणं माझं आहे. चित्राखालच्या पाटीवर माझंही नाव हवं, तुझ्या नावाशेजारी, त्याच अक्षरांत. दार उघडंच होतं. तिने बूट काढले आणि आत गेली. रान्नवेग भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली होती, मांडीवर टॅबलेट, हात सावकाश चालू. इंगून बोलायला लागली आणि पहिल्याच वाक्यात थांबली.

भिंतीपलीकडे कुणीतरी गात होतं. दुसरं कडवं होतं. आवाज इंगूनचा होता, आपला आवाज फोनमध्ये ऐकल्यावर ओळखू येतो तसा नाही, आतून ओळखू येतो तसा. तिने घराला कुलूप लावलं होतं. किल्ली मुठीत होती.

"रान्नवेग, मी इथे आहे," ती म्हणाली. "तिकडे कोणी नाहीये."

"माहीत आहे." रान्नवेगने मान वर केली नाही. "हळू बोल ना. ती थांबेल."

कधीपासून माहीत आहे, हा प्रश्न इंगूनच्या ओठांवर आला आणि तिथेच राहिला, कारण पलीकडे तिसरं कडवं संपून चौथं सुरू झालं होतं, आणि आपण अडखळतो त्या जागेची ती नकळत वाट बघत होती. ती जागा आली. आवाज त्या जागेवरून पाण्यासारखा वाहून गेला. रान्नवेगच्या चेहऱ्यावर जे हसू उमटलं, तसं ती इंगूनच्या गाण्यावर कधी हसली असेल तर ते भिंतीमुळे इंगूनला दिसलं नव्हतं. पाटीवरच्या नावाचं काय ते इंगूनने विचारलं नाही. ती रान्नवेगच्या समोर जमिनीवर बसली, तिच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ, आणि गाऊ लागली. तेच कडवं, त्याच सुरात, तिला येत होतं तितकं चांगलं.

रान्नवेगचा हात थांबला. तिने डोळे मिटून कपाळाला आठी घातली, कार्यक्रम चालू असताना मागच्या रांगेत कुणी बोलायला लागावं तशी, आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

इंगून गात राहिली. पलीकडचा आवाज मध्येच तुटला. कोण गातंय ते ऐकत असावा. मग त्याने कडवं पहिल्यापासून उचललं, भिंतीच्या अगदी जवळ येऊन, आधीपेक्षा जरा मोठ्याने.