फुलीचे बटण

मित्रांनो, मला कोणी जॉयस्टिक म्हणत, कोणी नुसते रिमोट. हिंगोलीच्या एसटी डेपोजवळ विश्वजीतचे व्हिडिओ गेमचे दुकान होते. एक खोली, दोन टीव्ही आणि घरघरणारा पंखा. दोन हजार सालानंतरची ती वर्षे. त्या दुकानातला मी एक रिमोट. आता जुना झालो आहे.

दुकानात सगळ्यांना फुटबॉल हवा असे आणि प्रत्येकाला गोल स्वतःच मारायचा असे. त्यामुळे गोल मारायचे माझे चौकोनाचे बटण घासून गुळगुळीत झाले होते. फुलीच्या बटणाने पास देता येतो, ते मात्र कोरेच राहिले. हरले की मुले मला आपटत, वायर ओढत. मी सोसत असे.

एके दिवशी वारंगा फाट्याजवळच्या तांड्यावरची पुजा आली. सोबत धाकटा भाऊ देविदास. हळद शिजवताना कढईच्या वाफेने तिचा उजवा हात भाजला होता. जखम भरली, पण अंगठा आखडला. व्यायामासाठी तिला हिंगोलीच्या दवाखान्यात यावे लागे. अंगठा हलवला नाही तर तो कायमचा तसाच राहील, असे डॉक्टरांनी बजावले होते. पण दुखायचे, म्हणून पुजा हात ओढणीखाली झाकून ठेवी.

परतीच्या गाडीला वेळ होता. दोघे एकाच संघात खेळायला बसले, मी पुजाच्या हाती आलो. देविदास चेंडू घेऊन एकटाच पळत सुटला.

"मला दे की रे," पुजा म्हणाली.

"तुला काहून देऊ? तुझ्याकडं गेला की बॉल जातोच!"

पुजाने मला खाली ठेवले. हात पुन्हा ओढणीखाली गेला.

विश्वजीत ते पाहत होता. तो जवळ येऊन बसला. "उचल तो रिमोट. पासला जोर लागत नाही, पुजा. फुली हळूच दाबली की जवळचा पास, जरा धरून ठेवली की लांबचा."

"अंगठा वळून नाही राहिला, दादा."

"वळेल तेवढाच वळव. पण आधी बघ, आपला माणूस कुठं आहे. खाली छोटा नकाशा दिसतो ना? बॉल पायाशी यायच्या आत ठरवून टाक, कुणाला द्यायचा."

पहिले पास समोरच्या संघाकडेच गेले. तिच्या अंगठ्याची कडक झालेली कातडी मला जाणवत होती. तरीही दवाखान्यातून निघाली की ती येऊ लागली. आधी खेळाडूचे तोंड वळवायचे, मग बटण दाबायचे. पळणाऱ्या गड्याच्या पायात नाही, त्याच्या पुढच्या मोकळ्या जागेत चेंडू टाकायचा. हळूहळू तिला ते जमू लागले.

पुढे विश्वजीतने जोडीचे सामने ठेवले. देविदासने दुसरा जोडीदार शोधला, पण सगळ्यांच्या जोड्या ठरल्या होत्या. तो तोंड पाडून बहिणीशेजारी बसला. सामना बरोबरीत आला आणि देविदासच्या खेळाडूला तिघांनी घेरले.

"दे इकडं, देवा!"

"थांब ना, ताई!"

चेंडू जाणारच होता. नाइलाजाने त्याने तो दिला. पुजाने तो क्षणभरही पायाशी ठेवला नाही. तिने फुली दाबली आणि धरून ठेवली. चेंडू साऱ्यांच्या डोक्यावरून गेला आणि देविदासच्या पुढ्यात पडला. गोल!

दुकान दणाणले. देविदास मात्र पडद्याकडे पाहतच नव्हता.

"ताई, तुझा अंगठा बघ!"

पुजाने पाहिले. अंगठा माझ्यावर पूर्ण वाकला होता.

"दुखून राहिला रे," ती म्हणाली. ती हसत होती आणि डोळ्यांत पाणी होते.

पुढचा सामना ते हरले. त्याचे दोघांनाही काही वाटले नाही.

काही वर्षांनी मोबाईल आले आणि विश्वजीतने दुकान बंद केले. तेव्हा देविदासने मला मागून घेतले. तांड्यावर त्याचे वडील रतनसिंग हसले, "टीव्हीला जोडायची पेटी न्हाई, याचं करशील काय?"

"असू द्या, बा," तो म्हणाला आणि माझी वायर नीट गुंडाळून त्याने मला फळीवर ठेवले.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंवर राग काढू नका. आणि खेळताना शेजारी बसलेल्याचा हात अजून बसला नसेल, तर त्याला बाहेर काढू नका. दोन पास चुकतील. तिसरा त्यालाच द्या.