मला खुशाल धरा, पण हात धुवा!

मित्रांनो, जिना चढता-उतरताना तुम्ही ज्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही आणि तरीही ज्याला घट्ट पकडता, तो मी. मी एका प्रवासी जहाजावरचा जुना लाकडी कठडा आहे. वरच्या मजल्यावर खोल्या, खाली जेवणाचा हॉल आणि मधल्या वळणदार जिन्याच्या कडेने मी. माझे खालचे टोक हॉलच्या दाराशी संपते. तिथेच हात धुण्याची दोन बेसिने आहेत. साबण आहे, कोमट पाणी आहे, कागदी रुमाल आहेत. नाही तो फक्त त्यांच्याकडे जाणारा माणूस!

मी वैतागलो आहे, हे तुम्ही ओळखलेच असेल. पण माझे ऐकून घ्या, मग सांगा माझे काय चुकले.

मला घडवणारा सुतार अबोल होता आणि कमालीचा चिकाटीचा. जिन्याच्या वळणाला बसावे म्हणून त्याने माझे लाकूड वाफेवर वाकवले, तुकडे असे जोडले की सांधा शोधून सापडू नये. शेवटी डोळे मिटून या टोकापासून त्या टोकापर्यंत माझ्यावरून तळहात फिरवला. कुठे बारीकसे कुसळ लागले की थांबायचा, पुन्हा घासायचा. मुकादम कंटाळून म्हणाला, “अहो, कठडा आहे तो. कोण बघणार आहे त्याच्याकडे?”

“बघणार कोणीच नाही,” सुतार म्हणाला. “धरणार सगळे.”

ते वाक्य मी काळजात जपले. पुढची किती वर्षे माणसांनी मला धरले! समुद्र खवळला की भलेभले माझ्या गळ्यात पडत. एकदा तर जाडजूड मुख्य आचारी टोपीसकट माझ्यावर आदळला आणि जहाज सरळ होईपर्यंत मला मिठी मारून उभा राहिला. “या जिन्यावर आजवर कोणी पडलं नाही,” असे कप्तान पाहुण्यांना सांगत, तेव्हा मी आतल्या आत फुगून जाई.

मग पोटाच्या साथी सुरू झाल्या. बंद जहाज, एकच हॉल, तेच चमचे, तीच दारे. एकाला उलट्या-जुलाब झाले की त्याचा विषाणू त्याच्या हातावरून माझ्या अंगावर, माझ्या अंगावरून दुसऱ्याच्या हातावर आणि तिथून घासाबरोबर पोटात. मी बिचारा मधल्या मध्ये! सफाईवाल्या ताई उग्र वासाच्या औषधी पाण्याने मला दिवसभर पुसू लागल्या. माझी झळाळी गेली, अंगावर पांढुरके चट्टे उठले. मी ओला असतानाच कोणीतरी आइस्क्रीमने बरबटलेली बोटे माझ्यावर ठेवी आणि ताई कपाळाला हात लावत, “आत्ता पुसला होता हो!” मग त्याच हाताने कपाळाला शिवलो, हे ध्यानात येऊन बिचाऱ्या तोंड धुऊन हातमोजे बदलत.

बेसिनांच्या शेजारी भिंतीवर जेलची एक बाटली आहे. तिच्यावर माझा राग नाही. पुष्कळ जंतूंवर ती कामाची आहे. पण हा पोटाचा विषाणू तिला फारशी दाद देत नाही, त्याला साबण आणि पाणीच हवे, अशी पाटी तिच्या डोक्यावरच लावली आहे. पाटी वाचायची कोणी? लोक थेंबभर जेल घेतात, एका तळव्याची दुसऱ्या तळव्याशी नुसती ओळख करून देतात आणि थेट पावाच्या टोपलीत हात घालतात.

अशाच एका सफरीला आक्का आल्या. गुडघ्यांनी दगा दिलेल्या, पण डोळ्यांत लहान मुलीचे कुतूहल असलेल्या. त्यांचा धाकटा भाऊ त्यांना घेऊन आला होता. सोबत आक्कांची सून होती. ती त्याला मामा म्हणे, म्हणून दोन दिवसांत सगळे जहाज त्याला मामा म्हणू लागले. गडगडाटी हसणारा, सगळ्यांना हाका मारणारा माणूस. आक्कांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता आणि सफरीच्या मध्यावर एक बेट लागणार होते. तिथे पांढऱ्या वाळूत आक्कांना अनवाणी चालवायचे, असा मामाचा पण होता.

एका सकाळी मामा एकटाच जिन्यावर आला. चेहरा पांढराफटक. वळणावर थांबला, घाईने खिशातली पिशवी काढून त्यात ओकला, तोंड हातानेच पुसले आणि त्याच हाताने मला धरले. मी लाकडाचा, नाहीतर ओरडलोच असतो.

तेवढ्यात वरून सून आली. “मामा, काय होतंय? बरं नाही का तुम्हाला?”

“काही नाही गं. समुद्र लागलाय जरा.”

“रात्रीपासून चार वेळा उठलात. भिंतीपलीकडून सगळं ऐकू येतं मला. डॉक्टरांना सांगू या.”

“अजिबात नाही!” मामा दबक्या आवाजात म्हणाला. “सांगितलं की खोलीत डांबून ठेवतील. परवा बेट आहे. आक्काला कोण नेणार?”

“मी नेईन ना.”

“तू ने गं, पण मला बघायचंय तिला वाळूत चालताना. एवढंच तर बघायला आलोय. तिला सांगू नकोस, शप्पथ आहे तुला.”

सून डॉक्टरांकडे न जाता वर खोलीकडे परतली. तिलाही त्याची दया आली असावी. मला मात्र दोघांना धरून गदागदा हलवावेसे वाटले. अरे, प्रेम करता ना बहिणीवर? मग सांगून टाका! दोन दिवस खोलीत पडून राहिलात तर आभाळ कोसळणार आहे का?

थोड्याच वेळात आक्का निघाल्या. माझ्याशिवाय त्यांना पायरी उतरता येत नसे. एक एक पायरी, माझ्यावर सारा भार टाकून, जिथे मामाचा हात पडला होता नेमका तिथे हात ठेवून त्या खाली आल्या. बेसिनापाशी गर्दी होती. “चला आई, जेल लावा, झालं,” सून म्हणाली. आक्कांनी थेंबभर जेल लावले आणि आत जाऊन पाव हाताने मोडून खाल्ला.

बेट आले त्या सकाळी माझ्यावरून आक्कांचा हात फिरला नाही. डॉक्टरीणबाई पिशवी घेऊन धावत वर गेल्या. आक्कांच्या पोटात पाणी ठरत नव्हते, जीभ कोरडी पडली होती, हाक मारली तरी त्या डोळे उघडत नव्हत्या. त्यांना सलाइन लावले. बाहेर लोक हसत-खिदळत बेटावर उतरत होते आणि मामा वरच्या पायरीवर डोके धरून बसला होता.

“तुम्हाला कधीपासून त्रास होता?” डॉक्टरीणबाईंनी विचारले.

मामाने सांगून टाकले.

“त्याच दिवशी बोलला असतात, तर तुम्हाला मीठ-साखरेचं पाणी देऊन खोलीत झोपवलं असतं आणि हा जिना तेव्हाच नीट धुऊन घेतला असता. या वयात अंगातलं पाणी जाणं म्हणजे खेळ नाही. उलट्या-जुलाब थांबले तरी पूर्ण दोन दिवस बाहेर यायचं नाही. जा आता खोलीत.”

मामा लहान मुलासारखा उठला आणि गेला. मला न धरता.

दुपारी माझ्या अंगावर कागद चिकटवला गेला: ‘कठड्याला हात लावणे टाळा.’ घ्या! ज्याच्यासाठी जन्मलो, तेच टाळा! लोक माझ्यापासून अंग चोरून चालू लागले. एक गृहस्थ तोल जाऊन तीन पायऱ्या घसरले. तरी बेसिन रिकामेच!

आक्का वाचल्या. सफर संपत आली तेव्हा त्या खोलीबाहेर आल्या, निम्म्या झालेल्या. जहाज हेलकावे खात होते. सून म्हणाली, “आई, माझा हात धरा. कठडा नको, तो कागद बघा.”

आक्कांनी कागद वाचला आणि मला घट्ट धरले. “पडून हाड मोडून घेऊ का? याला काय कळतं, बिचारं लाकूड. आपल्याला कळतं ना?”

खाली मामा उभा होता. त्याची नजर वर होईना. “आक्का, माझ्यामुळे तुझं बेट गेलं.”

“बेट कुठे पळून जातंय? मीच देवाघरी चालले होते, त्याचं बघ. आता लपवाछपवी केलीस तर खबरदार!” आक्का म्हणाल्या. मग त्याला मनगटाला धरून बेसिनापाशी नेले. बाह्या वर सारल्या. “घे साबण. बोटांच्या मधे घास. अंगठा राहिला. नखं राहिली. एवढ्यात नळ सोडू नकोस, घास अजून!”

मामाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि तो निमूटपणे घासत होता. मागे रांग लागली. कोणी पुढे घुसले नाही. सगळ्यांनी हात धुतले, अगदी मुख्य आचाऱ्यानेही.

पुढच्या सफरीला नवे लोक आले आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! म्हणून मित्रांनो, तुम्हालाच विनवतो. पोट बिघडले तर लाजू नका, लगेच सांगा. खोलीत विश्रांती घ्या, पाणी प्या. बाकीच्यांनी मला खुशाल धरा. तोल सावरायलाच सुताराने मला घडवले आहे. पण जेवणाआधी आणि संडासातून आल्यावर साबणाने हात नीट धुवा. मला धुवायचे म्हटले तरी हात नाहीत. तुम्हाला चांगले दोन-दोन आहेत. धुवा की!