झेंडूच्या रोपांतलं अर्धं कार्ड

मित्रांनो, मी एक जुनं क्रेडिट कार्ड आहे. खरं सांगायचं तर अर्धंच. माझा दुसरा तुकडा पलीकडच्या ट्रेमध्ये आहे आणि आम्हा दोघांच्या पाठीवर झेंडूच्या वाणांची नावं लिहिली आहेत.

पूर्वी मी मखमलाबादच्या छायाताईंच्या पाकिटात ऐटीत राहायचो. फुलांचं बियाणं, ठिबकच्या नळ्या, मुलीचा चष्मा, सगळं माझ्यावर यायचं. बिल आलं की छायाताई मुदतीआधी भरून मोकळ्या. माझी मान ताठ असायची ती काही उगीच नाही.

पण त्यांच्या सासूबाईंनी, शकुबाईंनी, माझा धसकाच घेतला होता. "उधारीची वस्तू घरात नको बाई, काप ते," त्या म्हणाल्या. छायाताईंनी बँकेत रीतसर खातं बंद केलं आणि हार करायच्या कात्रीने माझे दोन तुकडे केले. या घरात काही फेकत नाहीत, म्हणून रोपांत खोचलं. मला फार वाईट वाटलं.

तीन वर्षांनी छायाताईंच्या शेतातले गुलाब उन्हाने करपू लागले. शेडनेटच्या हिरव्या जाळीसाठी कर्ज हवं होतं. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, कार्ड बंद केलं म्हणजे जुनी पत पुसली. शकुबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी आम्हाला ट्रेमधून उपटलं, चिकटपट्टीने जोडलं, पदराने पुसलं आणि सुनेबरोबर बँक गाठली.

"मॅडम, कापायला मीच लावलं. हिची काय चूक नाय. हे बघा, जोडून आणलंय."

कर्ज विभागातल्या रूपाली मॅडमना हसू आवरेना. "आजी, हे कशाला? सिबिलच्या पत-रिपोर्टात आहे की सगळं. खातं बंद झालं तरी नोंद लगेच जात नाही, सातेक वर्षं तरी राहते. छायाताईंनी एकही बिल चुकवलेलं नाही. थकवलं असतं तर तेही असंच दिसलं असतं."

"म्हंजी हाय ना अजून?" म्हणत शकुबाई मटकन खुर्चीत बसल्या आणि रडता रडता हसू लागल्या. माझाही जीव भांड्यात पडला. मी संपलो, असं मीच धरून चाललो होतो!

आता गुलाबांवर हिरवी सावली आहे आणि आम्ही दोन्ही तुकडे पुन्हा सुटे होऊन आपापल्या ट्रेमध्ये आलो आहोत. मित्रांनो, काम झाल्यावर मला खुशाल कापा, पण हातात असेन तोवर वेळेवर भरा. तुम्ही विसरलात तरी ते वेळेवर भरणं तुमच्या बाजूने बोलत राहतं.

रोज पाणी घालताना शकुबाई माझ्यावरची माती अंगठ्याने पुसतात. वाणाचं नाव वाचायला म्हणाल, तर त्यांना वाचता येत नाही.